शेताचा सौदा आठ दिवसांत उरकू नका

वाई तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. चार वर्षांच्या मुलीला मूत्रपिंडाचा कॅन्सर झाला आहे, विल्म्स ट्यूमर. गाठ पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात शिरली आहे. परळला टाटा रुग्णालयात आधी केमो आणि मग ऑपरेशन ठरलंय. तीस गुंठ्यांना सात लाख द्यायला गिऱ्हाईक तयार आहे, पण खरेदीखत आठ दिवसांत हवं म्हणतो. विकू का?

दादा, आत्ता नको. गाठ हृदयापर्यंत गेली हे ऐकून पायाखालची जमीन सरकली असेल. पण या आजारात गाठ बऱ्याचदा शिरेच्या पोकळीतून शेपटीसारखी वर चढते, हृदयाच्या स्नायूत रुजत नाही. म्हणून आधी काही आठवडे केमो देऊन ती आखडवतात. एवढं करूनही ती कप्प्यात उरली, तर हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं यंत्रावर सोपवून, ऑपरेशन करावं लागतं. मोठा खर्च तिथे. म्हणजे तुमच्या हातात थोडे आठवडे आहेत, आणि घाईत विकलेल्या शेताला भाव मिळत नाही.

हे आठवडे कागदपत्रांना द्या. उद्याच रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमच्या मुलीचे कोणते उपचार त्यात बसतात ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाकडून, समजून घ्या. मंजुरी ऑपरेशनच्या आधीच हवी, आधी भरलेले पैसे नंतर परत मिळत नाहीत. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही आत्ताच करा. राहण्यासाठी सेंट ज्यूड या संस्थेच्या केंद्रांबद्दल तिथेच विचारा, तिथे कॅन्सरच्या मुलांची आणि आईवडिलांची सोय होते. मुंबईत खोलीचं भाडं घर पोखरतं, आणि केमो ऑपरेशननंतरही कित्येक महिने चालते.

तरीही कमी पडले तर आधी दागिन्यांवर बँकेचं कर्ज काढा. तुमचं पीपीएफ आठ वर्षांचं आहे, त्यातून काही रक्कम काढता येते. खातं पूर्ण बंद केलंत तर व्याज एक टक्का कमी धरतात, तेही परवडेल. महिना दोन टक्क्यांचं सावकारी कर्ज मात्र नको. वर्षाचे चोवीस टक्के होतात.

आणि एवढं करूनही ऑपरेशनच्या तारखेला पैसे अपुरे असले, तर मात्र शेत विका, मागे पाहू नका. केमोची एकही फेरी पैशांपायी चुकता कामा नये. तोवर गिऱ्हाइकाला सांगा, दोन महिन्यांनी बोलू.