जेडची पानं गळतायत? आधी कुंडीतून काढून मुळं बघा

तुमची पोस्ट वाचली. ठाण्यातली बाल्कनी, ऑगस्ट महिना, जेडची पानं आधी सुरकुतली, आता नुसता हात लागला तरी गळतायत, आणि माती ओली असूनही झाड तहानलेलं वाटतंय म्हणून पाणी वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात वाढवू नका. माझ्या जेडचं डोंबिवलीत अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ऊन, भोकाची कुंडी वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

माती ओली आणि पानं सुरकुतलेली हे दोन्ही एकत्र दिसलं, की मुळं कुजली असं धरून चालायचं. मुळंच गेली की कुंडीत कितीही पाणी असलं तरी ते वर चढत नाही. मग पानं स्वतःत साठवलेलं पाणी वापरतात आणि सुरकुततात, त्यामुळे बघणाऱ्याला तहानच वाटते. अशा वेळी पाणी वाढवलं तर उरलेली मुळंही जातात.

मला हे ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांनी सांगितलं नाही, याचा राग अजून आहे. जिथून झाड घेतलं त्या नर्सरीत मी फोटो दाखवायला गेले. तिथल्या माणसाने फोटोवर नजर टाकली आणि म्हणाला, "पाणी कमी पडतंय, रोज द्या." पानगळ वाढली म्हणून परत गेले, तर बुरशीनाशकाची पुडी हातात दिली. त्यानंतर टॉनिकची बाटली. "कुंडीतून काढून मुळं बघितलीत का?" हा साधा प्रश्न एकदाही नाही. खोड बुडाशी काळं पडल्यावर मी कुंडी उलटी केली. आत, मातीच्या मधोमध, प्लास्टिकच्या छोट्या जाळीत कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गच्च गोळा होता. वरची माती हाताला कोरडी लागत होती आणि गोळा पिळला तर पाणी निघत होतं. मुळं तपकिरी झाली होती, ओढली की साल हातात आणि आतला दोरा तेवढा शिल्लक. तो गोळा नर्सरीतूनच आला होता आणि रोज पाणी घालायचा सल्लाही तिथलाच. बुरशीनाशकाने मेलेली मुळं परत येत नाहीत, आणि कुजक्या मुळांवर खत घातलं तर त्रास वाढतो. हे विकणाऱ्याला कळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तर आजच झाड बाहेर काढा. जुनी माती, कोकोपीट, जाळी सगळं काढून टाका. काळा, मऊ भाग स्वच्छ ब्लेडने कापत वर या, खोडाचा काप आतून पूर्ण हिरवट-पांढरा दिसेपर्यंत. मध्ये एक तपकिरी ठिपका राहिला तरी कूज पुढे सरकते. मग आठवडाभर सावलीत, हवेशीर जागी तसंच पडू द्या. काप सुकून कडक झाला की कोरड्या मिश्रणात लावा आणि पहिलं पाणी आणखी चार-पाच दिवसांनी. मी निम्मी माती-कंपोस्ट आणि निम्मा विटांचा चुरा, बारीक खडी असं घेते. समुद्राची वाळू नको, त्यात मीठ असतं. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर देऊन निचरा सुधारत नाही. पाणी वरच्या मातीतच अडून राहतं, उलट मुळांची जागा कमी होते.

मुळांवर किंवा कुंडीच्या आतल्या भिंतीवर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो बहुधा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड. मग मुळं धुवा, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

पानगळीची बाकी कारणं सोपी आहेत. खालची एखाद-दुसरी पानं कागदासारखी वाळून पडत असतील तर ते वय. पानं पिवळट, पारदर्शक, पिचपिचीत असतील तर पाणी जास्त. माती पूर्ण कोरडी आणि पानं सुरकुतलेली असतील तर खरी तहान, एकदा भरपूर पाणी दिलं की काही दिवसांत टवटवीत होतात. हिरवी, टणक पानं गळत असतील तर बहुधा जागा बदलली किंवा उजेड कमी पडला. पावसाळ्यात ढगांमुळे हे हमखास होतं. माती तपासायला उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा, ओली निघाली तर पाणी नाही.

मी शेतीतज्ज्ञ नाही, आणि हे सगळं आपल्या दमट हवेपुरतं. नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्याचं गणित वेगळं असेल.

एक आणखी. तुम्ही पोस्टमध्ये टाकलेल्या फोटोतलं खोड लालसर आणि पानं बारीक, गोल आहेत, म्हणजे तुमचं झाड बहुतेक पोर्टुलाकारिया आहे. आपल्याकडे तेच जेड म्हणून विकतात. खरं जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा, त्याची पानं मोठी आणि चकचकीत. क्रासुलाच्या गळलेल्या पानातून नवं रोप येतं, पोर्टुलाकारियाच्या पानाला मुळं फुटली तरी कोंब सहसा येत नाही. म्हणून पानं गोळा करत बसू नका, शेंड्याकडच्या चांगल्या दोन-तीन फांद्या आत्ताच कापून वेगळ्या सुकत ठेवा. खोड वाचलं नाही तरी झाड हातात राहील. आणि घरात मांजर असेल तर क्रासुला तिच्या तोंडापासून लांब ठेवा, ते मांजर-कुत्र्यांना विषारी आहे. पोर्टुलाकारियाची ती भीती नाही.