गॅम्बल हाउसला साधी टूर घ्यावी की त्यांचे खास कार्यक्रम?

तुमचा प्रश्न असा आहे : एप्रिलमध्ये आईबाबा आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन लॉस एंजेलिसला येताय, एक दिवस मोकळा आहे आणि पॅसाडेनाचं गॅम्बल हाउस बघा असं कोणीतरी सुचवलंय. एका श्रीमंत माणसाचं जुनं घर, यापलीकडे तिथे काही आहे का, आणि साधी टूर घ्यावी की त्यांचे खास कार्यक्रम?

नक्की जा. आणि तारखा जुळल्या तर त्यांची लाकूडकाम आणि सांध्यांची टूर घ्या. तिला ते 'डीटेल्स अँड जॉइनरी' म्हणतात. साध्या टूरपेक्षा ती बरीच मोठी असते, महाग असते आणि रोज नसते. तरीही मी तीच सुचवीन.

मी पहिल्यांदा गेले ती साध्या तासाभराच्या टूरला. घर आवडलं, फोटो काढले, विसरून गेले. दोन वर्षांनी बाबा आले, तेव्हा ही लाकूडकामाची टूर घेतली. ते सुतार. संगमेश्वर तालुक्यात चाळीस वर्षं त्यांनी दारं, खिडक्या, देव्हारे, पाळणे केले. अमेरिकेत त्यांना दाखवण्यासारखं काय आहे हा माझ्यापुढचा प्रश्नच होता, कारण उंच इमारती बघून ते मान हलवायचे आणि गाडीत येऊन बसायचे. या घराच्या दाराशी मात्र ते जे थांबले ते हलेनात. "सागवान," एवढंच म्हणाले. वासावरून म्हणाले की रंगावरून, मला कळलं नाही. आमच्यासोबतच्या मार्गदर्शक बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, हो, ब्रह्मदेशातला साग.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणवाल्या कंपनीतल्या गॅम्बल घराण्यातले डेव्हिड आणि त्यांच्या पत्नी मेरी थंडीत ओहायोहून पॅसाडेनाला येऊन राहायचे. त्यांनी १९०८-०९ मध्ये चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या वास्तुकार भावांकडून हे घर बांधून घेतलं. आर्ट्स अँड क्राफ्ट्स ही चळवळ मूळ इंग्लंडची. यंत्रातून निघणाऱ्या एकसारख्या मालाला कंटाळलेल्या लोकांनी कारागिराच्या हाताला पुन्हा मान द्यायचा ठरवला, त्यातून ती उभी राहिली. अमेरिकेत तिचं जे रूप झालं, त्यातलं सगळ्यात चांगलं उभं असलेलं घर हे, असं माझं ठाम मत आहे. घरासोबत फर्निचर, दिवे, काचा, बहुतेक सगळं त्या भावांनीच आखलं आणि ते फर्निचर आजही त्याच खोल्यांत आहे. प्रत्यक्ष लाकूडकाम केलं पीटर आणि जॉन हॉल या स्वीडनहून आलेल्या भावांनी. बाबांना यातली एकच गोष्ट लक्षात राहिली, की काम करणाऱ्यांची नावंही त्या घरात घेतली जातात.

त्या टूरमध्ये नेमकं काय दाखवतात ते सांगते.

जिन्याच्या कठड्याला दोन लाकडं जिथे जोडली आहेत तिथे जोड लपवलेला नाही, उलट मुद्दाम दाखवला आहे. नागमोडी खाच, एकात एक अडकलेली, आणि कडा बोटाने गोल केल्यासारख्या. एकही धार टोचेल अशी सोडलेली नाही. जागोजागी काळ्या शिसवीसारख्या, म्हणजे एबनीच्या, चौकोनी खुंट्या पृष्ठभागाच्या किंचित वर आलेल्या दिसतात. बरेच लोक सांगतात की या घरात एकही खिळा नाही. ते खरं नाही, आणि तुम्हालाही कोणी तसं सांगितलं तर मानू नका. त्यातल्या बऱ्याच खुंट्यांच्या मागे स्क्रू आहेत. बाबांनी मला विचारायला लावलं, की मग एवढ्या रुंद फळीला स्क्रूने आवळून ठेवली तर हवा बदलल्यावर ती फाटत कशी नाही? बाई खूश झाल्या. टेबलाच्या फळीच्या टोकाला आडवी पट्टी असते, तिच्यातलं स्क्रूचं भोक गोल नसतं, लांबट असतं. फळी फुगली की स्क्रू त्या लांबट भोकात सरकतो. वर एबनीचं टोपण असतं म्हणून आपल्याला काही दिसत नाही. म्हणजे खुंटी दागिनाही आहे आणि झाकणही. बाबा हात पाठीमागे बांधून (हात लावायला मनाई आहे, आणि ते त्यांना फार जड गेलं) खाली वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "लाकूड हलतं हे ज्याला कळलं, त्याला सगळं कळलं."

साध्या टूरमध्ये हे पाच मिनिटांत उरकतं. एका तासात तळमजला, वरच्या झोपायच्या खोल्या, कुटुंबाची गोष्ट एवढं सगळं बसवायचं असतं, त्याला मार्गदर्शकांचा इलाज नाही.

बाहेर गेल्यावर मात्र बाबांनी नाक मुरडलं. छताचे वासे पाख्याच्या बाहेर चांगले हातभर उघडे सोडले आहेत, टोकं गोल करून. देखणे दिसतात. पण "कोकणात चार पावसाळे टिकले नसते," म्हणाले. आणि त्यांचं बरोबरच होतं. कॅलिफोर्नियाच्या तुटपुंज्या पावसातही ती टोकं कुजली आणि २००३-०४ मध्ये बाहेरच्या सगळ्या लाकडाची मोठी डागडुजी करावी लागली. कुजलेला भाग बदलून नवा बसवण्याऐवजी जमेल तेवढं जुनं लाकूड राखलं. मार्गदर्शक बाईंनी हे न लपवता सांगितलं. आपल्या घराचं दुखणं पाहुण्याला मोकळेपणी सांगणारी माणसं मला आवडतात.

ही मार्गदर्शक मंडळी म्हणजे तिथला खरा ठेवा आहे. त्यांना डोसंट म्हणतात. ते स्वयंसेवक असतात, आधी रीतसर प्रशिक्षण घेतात, तेव्हा कुठे त्यांच्या हाती गट सोपवतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी इंजिनियर. प्रत्येकाची एक लाडकी खोली असते, आणि तिथे गेलं की आवाज बदलतो.

तुमच्या मुलीसाठी सांगायचं तर, या घराचा मला सगळ्यात जवळचा वाटणारा कार्यक्रम पर्यटकांसाठी नाहीच. शाळेतल्या मोठ्या मुलांना इथे मार्गदर्शक म्हणून तयार करतात आणि ती मुलं तिसरीतल्या लहान मुलांना घर दाखवतात. मी एकदा पुस्तकांच्या दुकानाबाहेर थांबले होते (दुकान जुन्या मोटारीच्या गॅरेजमध्ये आहे, चुकवू नका), तेव्हा असा एक गट जाताना पाहिला. बारा-तेरा वर्षांचा मुलगा सात-आठ चिमुरड्यांना सांगत होता, की इथली माणसं रात्री बाहेर का झोपायची. वरच्या मजल्यावर झोपायच्या खोल्यांना लागून उघड्या पडव्या आहेत. मोकळ्या हवेत झोपणं तब्येतीला चांगलं, असा त्या काळी ठाम समज होता. एका चिमुरडीने विचारलं, "आणि डास?" त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "ते मी विचारून सांगतो." तेरा वर्षांच्या मुलाने हे उत्तर द्यावं, यापरतं चांगलं प्रशिक्षण मी पाहिलेलं नाही.

मुलांना लहानपणीच असं हाताशी धरून शिकवण्याला ग्रीन भावांच्या बाबतीत एक वेगळा अर्थ आहे. ते दोघे लहानपणी सेंट लुइसमधल्या एका शाळेत शिकले. तिथे पुस्तकी विषयांबरोबर सुतारकाम, लोहारकाम, यंत्रांवरचं काम हाताने करावं लागायचं. नंतर ते मोठ्या विद्यापीठात वास्तुकला शिकले, पण रंधा आणि पटाशी आधी हातात आली होती. १८९३ मध्ये आईवडिलांकडे पॅसाडेनाला जाताना वाटेत शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात थांबले, तिथे जपानने उभारलेलं लाकडी मंदिर होतं. घरातला जपानी स्पर्श तुम्हाला पावलोपावली दिसेल. ढगासारखी हलकेच पायरी घेऊन वर चढणारी रेघ टेबलाच्या कडेला, दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पाठीला आहे. जेवणाच्या खोलीत जपानी तलवारीच्या मुठीजवळची चकती असते तो आकार फिरून फिरून येतो. मुलीला आधीच सांगून ठेवा : ढगाची रेघ किती ठिकाणी दिसते ती मोज, आणि चोचीत गुलाब धरलेला करकोचा शोध. ते गॅम्बल घराण्याचं चिन्ह. तासभर तिला कंटाळा येणार नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडते : या घरात विद्यार्थी राहत आले आहेत. गॅम्बल कुटुंबाने १९६६ मध्ये घर पॅसाडेना शहराला दिलं, ते यूएससी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, या विद्यापीठाच्या वास्तुकला विभागाशी करार करून. पुढे दरवर्षी शेवटच्या वर्षातले दोन विद्यार्थी निवडून नोकरांसाठीच्या जुन्या खोल्यांत राहायला देण्याची प्रथा पडली. रात्री दोर लावून कुलूप घातलेलं संग्रहालय आणि रात्री कोणीतरी अभ्यास करत बसलेलं घर, यात फार फरक आहे. आता व्यवस्था गॅम्बल हाउस कॉन्झर्व्हन्सी ही संस्था बघते.

कुटुंबाने घर देऊन का टाकलं, याची एक गोष्ट तिथे हमखास सांगतात. पुढच्या पिढीतले सेसिल आणि लुईझ गॅम्बल घर विकायच्या विचारात होते. बघायला आलेल्या गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी बोलून गेलं, की आतलं हे सगळं काळपट लाकूड पांढरं रंगवून घेऊ. त्या दोघांनी विक्रीचा विचार तिथेच सोडला. हे ऐकताना बाबांनी खरोखर छातीवर हात ठेवला होता.

विकलं असतं तर काय झालं असतं, याचं उदाहरण फार लांब नाही. याच भावांचं ब्लॅकर हाउस पॅसाडेनातच आहे, याच्यापेक्षाही मोठं. १९८५ मध्ये ते एका खरेदीदाराने घेतलं आणि आतले दिवे, रंगीत काचा काढून एकेक विकून टाकल्या. गावात हाहाकार झाला, शहराने घाईने नियम केला की अशा वस्तू परवानगीशिवाय काढता येणार नाहीत. नंतरच्या मालकांनी घर पुन्हा उभं केलं, पण मूळ दिवे जगभर पांगले ते पांगलेच.

जानेवारी २०२५ च्या आगीत शेजारच्या अल्टाडेनाची हजारो घरं जळाली. त्यात याच काळातल्या, याच धाटणीच्या छोट्या बंगल्या खूप होत्या. लाकूड सगळं गेलं, धुराडी तेवढी उभी राहिली आणि त्यांच्या शेगड्यांवर पॅसाडेनाच्याच अर्नेस्ट बॅचेल्डरच्या कारखान्यातल्या मातीच्या फरशा. स्वयंसेवकांनी आणि गवंड्यांनी मिळून त्या एकेक करून सोडवल्या आणि मालकांसाठी जपून ठेवल्या. काय वाचवायचं हे त्या लोकांना राखेतही दिसलं, कारण या गावात वर्षानुवर्षं कोणी ना कोणी कोणाला तरी हे बघायला शिकवत आलंय. गॅम्बल हाउस त्यातलं मोठं नाव आहे, आणि म्हणून मला या टूर वगैरे किरकोळ वाटत नाहीत.

बाकी कार्यक्रमांचं थोडक्यात. 'बिहाइंड द व्हेल्व्हेट रोप्स' मध्ये दोरापलीकडे, एरवी बंद असलेल्या भागांत नेतात. आईबाबांना दोन-अडीच तास उभं राहणं झेपणार असेल तरच घ्या, जिनेही चढावे लागतात. नोकरांच्या बाजूने घर दाखवणारी टूर वर्षातून कधीतरी असते. ती मिळाली तर सोडू नका, स्वयंपाकघरातलं मेपलचं काम दिवाणखान्याइतकंच नेटकं आहे. आसपासच्या गल्ल्यांतून पायी टूर असते, त्यात चार्ल्स ग्रीनचं स्वतःचं घर बाहेरून दिसतं. खास टूरची तिकिटं लवकर संपतात आणि वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून विमानाचं तिकीट झालं की लगेच त्यांच्या संकेतस्थळावर बघा. सपाट तळव्याचे बूट घाला. आणि काहीच मिळालं नाही तर जवळच सॅन मरीनोला हंटिंग्टन या संग्रहालयात ग्रीन भावांच्या फर्निचरचं कायमचं दालन आहे. तिथे वेळेचं बंधन नाही, बाबांनी एका खुर्चीपुढे अर्धा तास काढला.

गॅम्बल हाउसला शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. मुख्य दार पूर्वेला आहे. आत गेल्यावर दार बंद करायची विनंती करा, बहुतेक मार्गदर्शक स्वतःहूनच करतात. एमिल लांग या कारागिराने केलेल्या दाराच्या काचेत एक जुनं ओकचं झाड आहे. त्याच्या फांद्या मधल्या दारावरून दोन्ही बाजूंच्या दारांवर आणि वरच्या झरोक्यांवर पसरल्या आहेत. ऊन वर यायला लागलं की आधी खोडाभोवतीची काच उजळते, मग पानं हिरवी-सोनेरी होतात. आईबाबांना त्या वेळी बाकावर बसवता येत नाही, पण जिन्याच्या पायथ्याशी, समोर तोंड करून उभं करा. तिथून सगळं झाड दिसतं.