लोकशाहीर: लोकशाहीचा की लोकांचा?

प्रश्न असा आला आहे: "अण्णा भाऊ साठे यांच्या नावाआधी 'लोकशाहीर' लिहितात. एका व्याख्यानात वक्त्यांनी 'लोकशाहीसाठी गाणारा तो लोकशाहीर' अशी फोड सांगितली. ती बरोबर आहे का? आणि ज्यांनी तीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या त्यांना शाहीर का म्हणायचं, कादंबरीकार का नाही?"

पहिल्याचं उत्तर लगेच देता येतं. फोड चुकीची आहे. शब्द 'लोक + शाहीर' असा आहे. 'लोकशाही'ला 'र' लागून काही झालेलं नाही, कारण कर्ता दाखवणारा असा 'र' प्रत्यय मराठीत या जागी लागत नाही. 'हुकूमशाही'वरून आपण 'हुकूमशहा' म्हणतो, 'हुकूमशाहीर' नाही.

तरी खात्री हवी असेल तर दोन्ही शब्दांना विभक्ती लावून बघा. 'लोकशाहीला' लिहिताना 'ही' दीर्घच राहते. 'लोकशाहीर'चं मात्र 'लोकशाहिराला', 'लोकशाहिरांनी' होतं. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, तसंच शाहीर-शाहिराला. म्हणजे ती 'ही' इथे प्रत्ययाची नाही, शब्दाच्या पोटातली आहे. अण्णा भाऊंच्या जयंतीच्या फलकांवर 'लोकशाहिर' आणि 'लोकशाहीरांना' अशी दोन्ही रूपं सर्रास दिसतात आणि दोन्ही चुकतात. एकटा शब्द असेल तर दीर्घ, पुढे प्रत्यय आला की ऱ्हस्व, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

दोन शब्दांचं कूळही वेगळं आहे. 'शाही' फारसी, 'शाह' म्हणजे राजा, त्याची सत्ता ती शाही. निजामशाही, आदिलशाही या वळणावर पुढे लोकशाही घडली. 'शाहीर' मुळात अरबी 'शाइर', म्हणजे कवी. त्याचा धातू 'जाणणे, जाणवणे' या अर्थाचा आहे. ज्याला जाणवतं तो शाइर. मला हा अर्थ फार आवडतो आणि अण्णा भाऊंना तो जितका शोभतो तितका थोड्यांनाच शोभेल. मूळ शब्दात 'आ' आणि 'इ' शेजारी येतात. हिंदी-उर्दूच्या वाटेने आलेल्या रूपात त्या फटीत 'य' बसला आणि 'शायर' झाला, मराठीने आधीच तिथे 'ह' बसवून 'शाहीर' केला होता. त्यामुळे एकच शब्द आज आपल्याकडे दोन वेशांत वावरतो. गझल लिहिणारा शायर आणि पोवाडा रचणारा शाहीर सख्खे भाऊ आहेत.

मराठीत येताना अर्थ मात्र आक्रसला. अरबीत कुठलाही कवी शाइर. मराठीत मोरोपंतांना कुणी शाहीर म्हणणार नाही. आपल्या जुन्या कवितेचे संत, पंत आणि तंत असे तीन वर्ग सांगतात, त्यातला तंत म्हणजे तुणतुण्यावर गाणारा शाहीर: राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर. समोर बसलेल्या माणसांसाठी रचणारा, डफावर थाप मारून त्यांना धरून ठेवणारा आणि मागे झीलकरी, म्हणजे साथीला सूर धरणारे, असलेला कवी, असा अर्थ पक्का झाला.

शाहीर लोकांचाच असतो, मग वर 'लोक' कशाला? तो त्या काळाने दिला. 1940 नंतरच्या दशकात डाव्या चळवळीच्या मराठीत 'लोक' जागोजागी दिसतो. कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकाचं नाव 'लोकयुद्ध'. तमाशाला 'लोकनाट्य' हे नाव रूढ झालं, त्यातही अण्णा भाऊंच्या पथकाचा मोठा हात आहे. दरबाराचा, देवस्थानाचा किंवा पैसेवाल्यांच्या बैठकीचा नव्हे, तर गिरणीच्या दारातल्या आणि शेताच्या बांधावरच्या माणसांचा शाहीर, असा फरक त्या 'लोक'ने दाखवला. अमर शेखांनाही याच अर्थाने लोकशाहीर म्हणतात.

आता दुसरा प्रश्न. तो मला जास्त मोलाचा वाटतो.

अण्णा भाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920 चा, सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. शाळा दीड दिवसाची. घरच्यांबरोबर ते पोरवयात मुंबईला आले, मिळेल ती कामं केली, गिरणीत राबले, कम्युनिस्ट पक्षात गेले. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा, मुंबईवर लावणी, 'अकलेची गोष्ट'सारखी लोकनाट्यं, ही सगळी या पथकाच्या काळातली. त्यांच्या वगाआधीच्या (तमाशातल्या नाट्याआधीच्या) गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनगीतात, गणपतीच्या जागी मायभूमी आणि शिवाजी महाराजांना वंदन येतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड (लावणीचा एक प्रकार) घराघरात गेली. 'गावावर' हा शब्द बघा. 'गावात' म्हटलं असतं तर नुसता पत्ता झाला असता. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस मागे राहिलेल्या घराबद्दल 'गावावर' म्हणतो, त्यात अंतर आणि ओढ दोन्ही आहेत. म्हणूनच त्या मैनेवरून महाराष्ट्रात हव्या असलेल्या बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावापर्यंत जाताना गाण्याला जोर करावा लागत नाही.

लोकांनी त्यांना आधी ऐकलं, मग वाचलं. नाव आधीच पडलं होतं. 'फकिरा' ही कादंबरी आली 1959 साली, राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला 1961 साली. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. पण तोवर 'शाहीर' नावाला कायमचा चिकटला होता.

मात्र केवळ सवयीने चिकटला असं मी म्हणणार नाही. 'फकिरा'ची सुरुवात आठवा. शेजारच्या शिगावची जोगणी (देवीची खूण) आपल्या गावात यावी, म्हणजे जत्राही आपल्या गावात भरेल, म्हणून राणोजी ती आणायला जातो. पाठलाग होतो, शिवेवर गाठतात आणि राणोजीचं मस्तक जातं. जत्रा मात्र वाटेगावला येते. ईर्ष्या, घोडदौड, शीव, वीराचं मरण, हा सगळा पोवाड्याचा साज आहे. वाक्यं छोटी, ठोक्यावर पडणारी. वाचताना मनात डफ वाजतो. गद्य लिहिणाऱ्याला शाहीर म्हणणं मराठीला वर्ज्यही नाही. बाबासाहेब पुरंदरे 'शिवशाहीर' झाले ते गद्याच्याच बळावर.

पण पुढची पानं पोवाड्यात मावणारी नाहीत. राणोजीचा मुलगा फकिरा दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मांगवाड्यासाठी धान्य लुटतो, इंग्रज सरकार अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवून हजेरी लावतं, आणि माणसं त्या हजेरीखाली कशी वाकतात, कशी ताठ राहतात हे अण्णा भाऊ एकेका माणसाजवळ थांबून दाखवतात. पोवाड्याला थांबता येत नाही, कादंबरीला येतं. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. 'फकिरा'ची अर्पणपत्रिका बाबासाहेब आंबेडकरांच्या 'झुंजार लेखणीस' आहे. डफाने उभं केलेल्या माणसाने लेखणीला केलेलं हे वंदन आहे.

म्हणून माझं मत असं: 'लोकशाहीर' चूक नाही, कमीपणाचाही नाही. पण तो एकटाच लिहिला की कादंबरीकार दिसेनासा होतो. पाठ्यपुस्तकात, पुतळ्याखालच्या पाटीवर, कार्यक्रमपत्रिकेत 'लोकशाहीर आणि कादंबरीकार' असं दोन्ही लिहावं. जागा कमीच असेल तर मी 'कादंबरीकार' लिहीन, कारण पहिलं लोकांना तोंडपाठ आहे, दुसरं नाही.

नावाचंही सांगून टाकतो, कारण प्रश्नाच्या चिठ्ठीत ते एका जागी जोडून आणि एका जागी तोडून लिहिलं होतं. त्यांचं कागदोपत्री नाव तुकाराम. 'अण्णा' हे बोलावण्याचं नाव आणि 'भाऊ' हे वडिलांचं, भाऊराव साठे यांचं. म्हणजे 'भाऊ' हा आपण प्रेमाने लावलेला नात्याचा शब्द नव्हे, ते मधलं नाव आहे. म्हणून 'अण्णा भाऊ साठे' असं तोडूनच लिहावं.