दिवाळीचा रंग होळीपर्यंतही टिकेना

प्रश्न : बडोद्यात दांडिया बाजारात आमचं जुनं दुमजली घर आहे. जाड विटा, चुन्याचा गिलावा. गेल्या दिवाळीआधी तळमजल्याला पुट्टी भरून प्लास्टिक पेंट दिला. आता कंबरेपर्यंत पोपडे सुटलेत. रंगारी म्हणतो, खरवडून वॉटरप्रूफ कोट मारू. गोत्रीला मुलाचं नवं घर (टेनामेंट) आहे, तेही रंगवायला त्यालाच द्यायचं म्हणतो. देऊ का?

उत्तर : गोत्रीचं खुशाल द्या. दांडिया बाजारात मात्र वॉटरप्रूफ कोट मारू देऊ नका.

एक पोपडा काढून त्याची पाठ बघा. मिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर सहसा नसतो. जमिनीतली ओल क्षार घेऊन विटांतून वर चढते. पूर्वी ती चुन्यातून वाळून जायची. आता प्लास्टिकखाली कोंडते, क्षारांचे स्फटिक फुगतात आणि पुट्टीसकट रंग सुटतो. कोट मारलात तर ओल आणखी वर चढेल आणि पोपडे छातीशी येतील.

आधी पन्हळ, मोरीचा नळ, भिंतीलगतच्या कुंड्या बघून घ्या. मग पुट्टी पूर्ण खरवडा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. धुतलात तर क्षार परत आत जातात. ठोकल्यावर पोकळ वाजेल तेवढा गिलावा काढून चुन्याचाच करा, सिमेंटचा नको. उन्हाळाभर भिंत उघडी राहू द्या. पाहुणे नाकं मुरडतील, मुरडू देत.

रंगही चुन्याचाच द्या. कळीचा चुना भिजवताना उकळतो, डोळे सांभाळा. फडक्यानं गाळून दुधाइतका पातळ करा, भिंतीवर पाणी शिंपडा आणि रोज एक असे तीन-चार हात द्या. ओला असताना चुना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून नवखा रंगारी जाड थापतो आणि तो पुढे भुकटी होऊन कपड्यांना लागतो. वाळला की आपसूक पांढरा होतो. चिमूटभर पिवडी (पिवळी माती) घाला; संध्याकाळच्या उन्हात त्या रंगाची सर कुठल्याही शेडकार्डाला नाही.

टेनामेंटला सिमेंटचा गिलावा असणार. तो ताजा असेल तर निदान महिनाभर थांबा, मग अस्तर आणि इमल्शन. बाहेरच्या बाजूला मे महिन्यातल्या दुपारी ब्रश लावू देऊ नका. आणि पावसाळा संपला की लगेच ओल्या भिंतींना रंग फासायचं आपलं दिवाळीचं वेड यंदा बाजूला ठेवा, फेब्रुवारी बरा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण जुन्या दारांवर ऑइलपेंट असेलच. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमवर (दहा लाखांत ९० भाग) आणणारा नियम २०१७ मध्ये लागू झाला, त्याआधीच्या थरांत ते भरपूर असू शकतं. कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, नातवंडांना दूर ठेवा. खाली सागवान निघालं तर जवसाचं तेल पुरे. त्या तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. बाहेर पसरून वाळवा.