क्रूझवरच्या फॉर्मल नाइटला नेमकं काय असतं? सूट शिवावाच लागतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: डिसेंबरात आई-वडिलांना घेऊन सिंगापूरहून पाच रात्रींच्या क्रूझला चाललोय, एजंट म्हणतो त्यात एक फॉर्मल नाइट असते, तर सूट शिवायलाच हवा का, आईला साडी चालेल का आणि शाकाहारी माणसांनी त्या जेवणात काय फक्त ब्रेड खायचा?

सूट शिवू नका. साडी चालते, चालते कसली, पळते. आणि जेवायला भरपूर मिळतं, फक्त सावकाश मिळतं. बाकी सगळं सविस्तर सांगतो, कारण आम्ही कोथरूडहून पाच जण (मी, बायको, आई-बाबा आणि लेक) अगदी याच मार्गावर जाऊन आलोय, आणि जायच्या आधी महिनाभर आमच्या घरात ह्याच विषयावर खल चालला होता.

फॉर्मल नाइट हा काही वेगळा कार्यक्रम नसतो. त्या संध्याकाळी मुख्य डायनिंग रूममध्ये जेवायला येणाऱ्यांनी जरा ठेवणीतलं घालून यावं, एवढाच त्याचा अर्थ. अट खरी लागते ती त्या दारात. वरच्या मजल्यावर बुफे चालूच असतो, तिथे बर्म्युडावर गेलात तरी कोणी विचारत नाही. केबिनमध्ये मागवूनही खाता येतं. त्यामुळे ‘त्या दिवशी उपाशी राहावं लागेल’ ही भीती मनातून काढून टाका.

कंपनीप्रमाणे कडकपणा बदलतो. कुनार्डची जहाजं या बाबतीत जुन्या वळणाची. तिथे संध्याकाळी सहानंतरचा वेगळा शिष्टाचार आहे आणि गाला इव्हिनिंगला पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा अशी अपेक्षा असते, पण तेसुद्धा आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालवून घेतात. दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन ही कंपनी, तिथे वाटलं तर नटा, नाहीतर राहू द्या. वायकिंगवर फॉर्मल नाइट हा प्रकारच नाही. सेलिब्रिटी या कंपनीने 2015 मध्ये फॉर्मल हा शब्दच काढून ‘इव्हिनिंग शिक’ असं मवाळ नाव ठेवलं. सिंगापूरहून सुटणाऱ्या कौटुंबिक जहाजांवर वातावरण या दोन टोकांच्या मधलं असतं, आणि गर्दीत आपली माणसंही बरीच. बुकिंगच्या कागदांत त्या रात्रीचं नाव काय दिलंय ते बघून घ्या: गाला, एलिगंट, ड्रेसी, सगळी एकाच माळेचे मणी.

ती रात्र कधी येणार याचाही अंदाज बांधता येतो. पहिल्या रात्री सहसा नसते, कारण तुमच्या बॅगा केबिनच्या दारात येईपर्यंत कधीकधी जेवणाची वेळ होते. शेवटच्या रात्रीही नसते, कारण मोठ्या बॅगा भरून रात्रीच बाहेर पॅसेजमध्ये ठेवायच्या असतात. जुन्या अटलांटिक पार करणाऱ्या बोटींवरही पहिल्या रात्री नटायचं नाही असा रिवाज होता, पेट्या उघडलेल्याच नसायच्या. म्हणजे उरतो तो मधला, दिवसभर बंदर नसलेला दिवस. आमची दुसऱ्याच रात्री होती. सात रात्रींच्या सफरीत बहुधा दोन असतात.

आता कपडे. लग्नाच्या रिसेप्शनला, म्हणजे स्वतःच्या घरच्या नव्हे, ऑफिसातल्या साहेबांच्या मुलीच्या, तुम्ही जे घालून जाल ते घाला. मी लग्नातला जोधपुरी कोट काढला. वरची दोन बटणं लागली, खालच्यांनी असहकार पुकारला. शेवटी पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट आणि टाय एवढ्यावर भागवलं, आणि आजूबाजूला बघितलं तर निम्मे पुरुष तसेच होते. तरी कोट हवाच असं वाटत असेल तर लग्नसराईसाठी कोट-शेरवानी भाड्याने देणारी दुकानं पुण्यात हवी तेवढी आहेत. आठ-दहा दिवसांसाठी देतात का, तेवढं आधी विचारा. कुर्ता-पायजमा आणि वर जॅकेट हा सगळ्यात सोपा मार्ग. नको असतं ते हे: हाफ पँट, बनियनसारखे टी-शर्ट, टोपी, पोहण्याचे कपडे आणि अंगठ्याच्या रबरी चपला.

बाबांचा प्रश्न मात्र गहन होता. ‘माझ्या लग्नात मी कोट घातला नाही, आता समुद्रात जाऊन घालू?’ हा त्यांचा मुद्दा. त्यांनी कपाटाच्या तळातून 1980च्या दशकातला, बँकेत असतानाचा सफारी काढला. बिस्किटी रंगाचा. आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. डायनिंग रूमच्या दारातल्या बाईंनी मात्र त्यांना आपादमस्तक न्याहाळून ‘व्हेरी एलिगंट, सर’ म्हटलं आणि माझ्या टायकडे बघितलंही नाही. हे आता आम्हाला जन्मभर ऐकावं लागणार आहे.

साडीबद्दल तीन गोष्टी. एक, इस्त्री इथूनच करून न्या. कपड्यांची इस्त्री जहाजावर आणायला सहसा बंदी असते, आगीच्या भीतीने. काही जहाजांवर इस्त्रीची सामाईक खोली असते, पण बऱ्याच जहाजांवर नसते. तिथे पैसे देऊन प्रेस करून घ्यावी लागते आणि पैठणी परक्या लाँड्रीत द्यायचं आईच्या जिवावर येतं. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून घडी घालून, मलमलीच्या कापडात गुंडाळून हातातल्या बॅगेत न्या. दोन, सेफ्टी पिना मोजून नका नेऊ, पाकीटच न्या. जेवणानंतर सगळे डेकवर जातात आणि तिथला वारा पर्वतीवरच्या वाऱ्याला लाजवेल असा असतो. बायकोचा पदर खांद्यावर दोन पिनांनी लावलेला होता. डेकवर पाऊल टाकल्याबरोबर तो सरळ आडवा झाला आणि मागच्या एका गोऱ्या आजोबांच्या तोंडावर जाऊन बसला. आजोबांनी तो अदबीने बाजूला केला आणि काठावरच्या मोरांचं कौतुक केलं. तिसरी पिन कमरेशी लावली असती तर ही ओळख झाली नसती. तीन, नव्या कोल्हापुरी नकोत. जहाज किंचित डोलतं आणि लॉबीतली फरशी गुळगुळीत असते. आईच्या रोजच्या, मागे पट्टा असलेल्या सँडलच बऱ्या, नाहीतरी साडीखाली त्या कोणाला दिसतात!

संध्याकाळी पाचपासून जहाजाचा नूर पालटतो. दुपारपर्यंत ओल्या टॉवेलात फिरणारी माणसं एकदम ओळखू येत नाहीत. पॅसेजमध्ये अत्तर आणि हेअर स्प्रेचा घमघमाट, लिफ्टला रांग. मधल्या मोठ्या चौकात जिन्यावर आणि पडद्यांसमोर जहाजाचे फोटोग्राफर उभे असतात. कॅप्टन पांढऱ्या गणवेशात येतो, चार शब्द बोलतो, अधिकाऱ्यांची ओळख करून देतो. काही जहाजांवर तेव्हा शँपेनचा पेला फुकट फिरतो, बाबांनी तो ताटातल्या तीर्थासारखा घेतला आणि हळूच माझ्याकडे सरकवला. फोटो हवे तेवढे काढून घ्या, काढायला पैसे नाहीत. पैसे आहेत ते प्रत विकत घ्यायला, आणि एका छापील प्रतीला वीस-पंचवीस डॉलर मागतात. पाच जणांचा एक चांगला घ्या आणि बाकी आपल्या फोनवर. त्याच पडद्यासमोर आपण फोन काढला तर कोणी हटकत नाही.

जेवणाच्या ठरलेल्या दोन पंगती असतात, पहिली साधारण साडेपाच-सहाची आणि दुसरी आठ-साडेआठची. काही ठिकाणी आपली वेळ आपल्याला निवडता येते. सहाला जेवायला बसणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय, त्यामुळे आम्ही आठची घेतली. पंगत म्हटलं तरी इथे वाढपी एकदम सगळं वाढत नाहीत. आधी स्टार्टर, मग सूप किंवा सॅलड, मग मुख्य पदार्थ, मग गोड. दीड-दोन तास जातात. आपल्याकडच्या कार्यालयात तेवढ्या वेळात तीन पंगती उठतात. मांसाहारी असाल तर त्या रात्री लॉबस्टर किंवा बीफचे खास पदार्थ असतात. बीफ चालत नसेल तर प्रत्येक पदार्थाबद्दल विचारून घ्या, सूपबद्दलसुद्धा, त्यात लाज नाही. शाकाहाऱ्यांसाठी बहुतेक जहाजांवर एखादा भारतीय पदार्थ असतोच. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवा. आणि सगळ्यात कामाची युक्ती: पहिल्याच रात्री मुख्य वेटरला गाठून तुमचं पथ्य सांगा. तो उद्याचं मेनूकार्ड आदल्या दिवशी दाखवतो आणि तुमच्यासाठी वेगळं काय करता येईल ते बघतो. काटे-चमचे बाहेरून आत या क्रमाने वापरायचे. बाबांनी डाळ-भात आल्यावर ते सगळे बाजूला सारून हाताने कालवला, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आमचा घोळ वेगळाच झाला. फॉर्मल नाइटच्या नेमक्या दिवशी संकष्टी होती, आणि आई गेली चाळीस वर्षं ती मोडत नाही. तिने पर्समध्ये कालनिर्णयचं ते पान घडी करून आणलं होतं. पुण्याची चंद्रोदयाची वेळ नऊ वाजून काही मिनिटं. आता जहाजाचं घड्याळ सिंगापूरचं, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, पण आपण पूर्वेला सरकलोय त्यामानाने घड्याळ जरा जास्तच पुढे आहे. हिशोब केला तर चंद्र त्या घड्याळात पुण्याच्या वेळेपेक्षा अर्धा-पाऊण तास उशिराच दिसणार होता. आईचं म्हणणं, छापलंय ते छापलंय. लेकीने तिला रुमालावर पृथ्वी काढून दाखवली. आईने रुमाल बघितला आणि म्हणाली, ‘बरं, पण डायनिंग हॉल कधी बंद होतो?’ खरा प्रश्न तोच होता.

आमचा वेटर मडगावचा निघाला. क्रूझवर गोव्याची माणसं खूप भेटतील, त्यांची तिथे पिढ्यान् पिढ्यांची नोकरी आहे. त्याने कोकणी वळणाच्या मराठीत विचारलं, ‘मावशी, जेवत कित्याक नाही?’ आईने उपासाचं सांगितलं. पठ्ठ्याने न विचारता तिच्यापुढे पपई, अननस आणि कलिंगडाच्या फोडी फुलासारख्या मांडून आणल्या आणि म्हणाला, ‘चंद्र दिसला की या. दहापर्यंत मी टेबल आवरणार नाही.’

पावणेदहाला आम्ही डेकवर. जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वायव्येकडे चाललेलं, उजव्या हाताला मलेशियाच्या किनाऱ्याचे दिवे. कठड्याला टेकून पैठणीतली आई, सफारीतले बाबा, शेजारी कोट-टायवाले चार-पाच चिनी काका, तेही काय बघायचंय म्हणून आमच्याबरोबर आकाशाकडे तोंड करून उभे. दहाला पाच कमी असताना दिव्यांच्या वर तांबूस, एका बाजूने झिजलेला चंद्र आला. आईने पाण्याच्या बाटलीच्या बुचातून अर्घ्य दिलं. वाऱ्याने त्यातलं निम्मं एका काकांच्या कोटावर गेलं. त्यांनी मान लववली, बहुधा हा समारंभाचाच भाग समजून. मग आम्ही खाली धावलो, आणि रिकाम्या झालेल्या त्या प्रचंड हॉलमध्ये एकाच टेबलावर आईने वरण-भात आणि चॉकलेटचा केक खाल्ला. मोदक नव्हता एवढंच.

संकष्टीवरून आठवलं. तुमची आई देवाचं काही बरोबर घेणार असेल तर आत्ताच सांगून ठेवा: मेणबत्ती, उदबत्ती, दिवा यांना जहाजावर मनाई असते, आणि चहाची इलेक्ट्रिक किटलीही चालत नाही. आमची उदबत्ती आणि तुपाच्या फुलवातींसकट नीरांजन सिंगापूरच्या बंदरावर तपासणीतच बाजूला काढून ठेवलं. पावती देतात, उतरताना ती दाखवली की वस्तू परत मिळते. बाबांनी ती सफारीच्या खिशात ठेवली होती आणि सफारी गेला होता बॅगेत, त्यामुळे बंदरावर सगळ्या बॅगा उघडून ती शोधावी लागली. तुम्ही पासपोर्टातच ठेवा.