पूर पाहिलेलं लेकरू विसरतं का?

प्रश्न: आमच्या गावात पूर येऊन गेला. बहिणीची 4 वर्षांची मुलगी तेव्हापासून बाहुल्या बादलीत बुडवते आणि ‘मेली, मेली’ म्हणते. लहान आहे, विसरून जाईल ना? की काही महिने आजोळी पाठवावं?

उत्तर: विसरणार नाही. आणि एकटीला अजिबात पाठवू नका.

मी नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचा. 30 जुलै 1991 ला वर्धा नदी गावात शिरली आणि 204 माणसं गेली, हे नरखेड-काटोलकडच्या कुणाला सांगावं लागत नाही. मी 5 वर्षांचा होतो. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, घर तेवढं गेलं. शेजारच्या माडीवरून आमची गाय दाव्यासकट वाहत जाताना मी पाहिली, असं मी सांगतो. आई म्हणते, गाय आधीच सोडली होती. असो.

चार-पाच दिवसांनी मामाजी आले आणि मला घेऊन गेले. धाकटा दूधपिता, तो आईजवळ राहिला. मोठ्यांचा हिशेब सरळ होता: इथं चिखल अन् रोगराई, तिकडं दूधदुभतं आणि संत्र्याचा बगीचा. “लेकराले काय समजते, चार दिवसांत भुलते.”

त्या दिवसांत बगीच्यात आंबिया बहाराचा गळ पडायचा, म्हणजे कच्ची फळं झडायची. ती हिरवी, लिंबाएवढी संत्री मी गोळा करायचो, न्हाणीच्या नालीत ओळीनं मांडायचो, एकेकाला नाव द्यायचो. आई, बाबा, मोठे बाबा, धाकटा. मग वरून बादली ओतायची आणि नालीच्या टोकाशी पळत जाऊन कोण कोण सापडलं ते मोजायचं. रोज. एक दिवस मामाजींनी पाहिलं. “अभद्र कायचे खेळ खेळतं बे!” म्हणून पाठीत धपाटा घातला. खेळ बंद झाला आणि अंथरूण ओलं व्हायला लागलं. मामी गोधडी कुंपणावर वाळत घालायची, येणारा-जाणारा विचारायचा, मी गोठ्यात लपायचो.

आई दोनदा भेटायला आली. दोन्ही वेळा मी झोपल्यावर निघून गेली, मी रडू नये म्हणून. तिसऱ्या वेळी मी झोपलोच नाही. पदराचं टोक मुठीत धरून रात्रभर जागा.

पुढे डी.एड. केलं, शिक्षक झालो, तेव्हा वाचनात आलं. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावी शाळेच्या बसमधली 26 मुलं पळवली होती. सगळी सुटली, पण लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ बाईंना दिसलं की मुलं तोच प्रसंग पुन्हापुन्हा खेळतात आणि त्या खेळात गंमत नसते. मला माझी नाली आठवली. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधली मुलं सांभाळताना अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन बालमनोविश्लेषक बायकांनी नोंदवलं होतं की बॉम्बपेक्षा आईपासून तुटणं लहानग्यांना जड गेलं. हे मी मामाजींना वाचून दाखवलंय. “ते इंग्रजायचे लेकरं” म्हणाले.

तेव्हा भाचीला बादलीवरून रागावू नका. शेजारी बसा, एखादी दोरी द्या, हिला कोण काढणार ते विचारा. पूर का आला हेही तिला साध्या शब्दांत सांगा, कारण या वयात सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटतं. मी नदीत दगड मारले म्हणून ती गावात आली, असं मला चौथीपर्यंत वाटत होतं. कुणी विचारलंच नाही. तिच्या आईला धीर द्या, लेकरू तिच्याच तोंडाकडे पाहून घाबरायचं की नाही ते ठरवतं. महिना उलटूनही खेळ तसाच असेल, झोप नसेल किंवा बोलणं कमी झालं असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास. नजर काढायची तर काढा, पण तेवढ्यावर थांबू नका.

माझा धाकटा त्याच चिखलात आईच्या मांडीवर वाढला आणि ठणठणीत निघाला. पण तो तान्हा होता, स्वभावही निराळा. एका घराच्या दाखल्यावर नियम करू नये, कबूल. गावात जुलाबाची साथ असेल तर लेकरू हलवावंच लागतं. मग आईलाही सोबत पाठवा, घर-वावर बाकीचे पाहतील.

मामाजी आता ऐंशीच्या घरात आहेत. मागच्या अक्षय तृतीयेला म्हणाले, “तुले दुधातुपात ठेवलं, अन् तू लोकायले सांगत फिरतं.” ठेवलं होतं, नाही कुठं म्हणतो मी? आई निघाली तेव्हा मला उठवायला पाहिजे होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.