बैलजोडी विकून मनगटाचे ऑपरेशन करावे का?

आर्णी तालुक्यातील एका शेतकरी वाचकाने विचारले आहे : गेल्या जुलैत धुऱ्यावरून (बांधावरून) घसरून उजव्या हातावर पडलो आणि लचक समजून नुसते चोळून घेतले. आता सात महिन्यांनी डॉक्टर म्हणतात की मनगटातील स्कॅफॉइड हाड जुळलेलेच नाही, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे भरावा लागेल आणि स्क्रू बसवावा लागेल. खासगी दवाखान्याने १,१०,००० रुपये सांगितले. जवळ बी-खतासाठी ठेवलेले ६०,००० आहेत. बैलजोडी विकावी, सावकाराकडून महिना ३ टक्क्यांनी घ्यावे, की दिवाळीत कापूस आल्यावर बघावे?

भाऊ, यांतला सर्वांत महागडा मार्ग मला दिवाळीचा वाटतो. काजूएवढ्या या हाडाला रक्त बहुतांशी एकाच टोकाकडून मिळते, त्यामुळे ते मोडले की दुसरा तुकडा उपाशी राहतो. आणि न जुळलेले हाड तसेच वापरत राहिले तर पुढच्या काही वर्षांत सांधा झिजतो, मग हाड भरून भागत नाही, सांधा कायमचा जखडण्याची वेळ येऊ शकते. शिवाय वेचणी आता संपली आहे. आज ऑपरेशन झाले तर प्लास्टरचे दोन-तीन महिने उन्हाळ्यातच निघून जातील. दिवाळीनंतर केले तर तूर आणि कापूस दोन्ही मजुरांच्या हाती सोपवावे लागतील.

आता पैसा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार आणि एक्स-रे घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा की हे ऑपरेशन कोणत्या पॅकेजात बसते. मंजुरी ऑपरेशनआधी घ्यावी लागते. बाहेर रोख भरून नंतर पावत्या दाखवल्या तर ते पैसे परत मिळतील असे धरून चालू नका.

बैल मात्र विकू नका. जूनमध्ये जोडी भाड्याने शोधत फिरणाऱ्याची पेरणी शेवटी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. सावकाराचे ३ टक्के म्हणजे लाखाला वर्षाचे ३६,००० रुपये, तेव्हा कमी पडलेच तर बँकेत सोनेतारण करा. पीककर्जाच्या हप्त्याचे पैसे दवाखान्यात घालू नका, कारण मुदतीत फेडलेल्या ३ लाखांपर्यंतच्या कर्जावर पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलत मिळते आणि ती घालवणे परवडणारे नाही.

राहिलेल्या ६०,००० पैकी साधारण १५,००० जाण्यायेण्याला, सोबतच्या माणसाच्या जेवणाला आणि नंतरच्या फिजिओथेरपीला बाजूला काढा. बी-खत घेऊन उरेल ते डवरणीच्या (उभ्या पिकात डवरा चालवून तण काढण्याच्या) मजुरीसाठी ठेवा. खर्ऱ्याबद्दल (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबद्दल) तुम्ही काही लिहिलेले नाही, पण आपल्याकडे बहुधा विचारावेच लागते : तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि भरलेले हाड धरत नाही, म्हणजे दिवसाच्या दोन पुड्यांपायी सगळा खटाटोप वाया जाऊ शकतो.

प्लास्टर निघाले तरी सीटी स्कॅनमध्ये हाड जुळल्याचे दिसेपर्यंत डवऱ्याला हात लावू नका. डवरणीची मजुरी त्यासाठीच वेगळी धरली आहे.